मोरस : एक बेट, एक साखर आणि एक जास्तीचं पान

ज्यांना भाग ऐकायला जमत नाही, लोकलमध्ये नेटवर्क जातं, किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना माझं जे "म्हणजे, म्हणजे" होतं ते काढलंय. बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आज सुरुवात साखरेपासून.

माझी आजी रत्नागिरीकडची. वय एक्याऐंशी. तिच्या आईच्या तोंडी साखरेला एक वेगळाच शब्द होता : मोरस. "चहात मोरस घाल." आजीच्या तोंडूनही तो कधीमधी निघतो आणि आम्ही नातवंडं हसतो. मला कित्येक वर्षं वाटायचं, हा कोकणातला काहीतरी गावठी शब्द असणार. मग कॉलेजात असताना एकदा जुना शब्दकोश चाळताना कळलं की मोरस म्हणजे मॉरिशस. मॉरिशसहून येणारी पांढरी साखर ती मोरस साखर. गुजरातीतसुद्धा हा शब्द आहे. मुंबईच्या बंदरात उतरलेली साखर आमच्या गावच्या वाण्याकडे पोचेपर्यंत बेटाचं नाव साखरेला चिकटून राहिलं.

पण आजीच्या घरात मोरसचा अजून एक अर्थ होता. तिच्या पणजोबांचा एक भाऊ "मोरसला गेला आणि आला नाही." एवढीच गोष्ट. कधी गेला, कसा गेला, नाव काय, काही नाही. पण दरवर्षी म्हाळाच्या वेळी, सर्वपित्रीला, घरात एक पान जास्तीचं वाढायचे. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री असते ना, म्हणून. आजीने लहानपणी विचारलं की हे कुणाचं, तर उत्तर यायचं, "तो मोरसवाला."

तर मंडळी, या वर्षी आम्ही मॉरिशसला गेलो. आजी, आई-बाबा, काका-काकू, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी, असे दहा जण. खरं तर दादाने काढलेली ती समुद्रकिनाऱ्याची ट्रिप होती. एक दिवस पोर्ट लुईला जाऊन आप्रवासी घाट बघायचा हा हट्ट माझा. भाचा नऊ वर्षांचा, भाची सहा वर्षांची. त्यांना सांगितलं होतं की आत एक जहाज आहे. पूर्ण खोटं नव्हतं ते.

आधी थोडी पार्श्वभूमी

मॉरिशस 1810 मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलं. बेटावर उसाचे मळे होते आणि मळ्यांत राबायला आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम होते. 1825 मध्ये लंडनने मॉरिशसच्या साखरेवरचं आयात शुल्क वेस्ट इंडीजच्या साखरेइतकं कमी केलं. झालं, जो तो ऊस लावायला लागला. आणि नेमकं त्यानंतर दहा वर्षांत, 1 फेब्रुवारी 1835 पासून, मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून जास्त माणसं मोकळी झाली. नुकसानभरपाई मिळाली, पण ती गुलामांना नाही, मालकांना.

आता ऊस कोण तोडणार? मळेवाल्यांनी भारताकडे बघितलं. 2 नोव्हेंबर 1834 ला 'ॲटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. इंग्रज सरकारला एक प्रयोग करून बघायचा होता : गुलामांऐवजी 'स्वतंत्र' मजूर, ठरावीक वर्षांचा करार करून, साता समुद्रापार नेता येतात का? करार म्हणजे ॲग्रिमेंट. त्याचा अपभ्रंश गिरमिट, आणि त्यावरून गिरमिटिया.

प्रयोग इतका 'यशस्वी' झाला की तोच पुढे गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी असा जगभर राबवला गेला. एकट्या मॉरिशसच्या या धक्क्यावर 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख माणसं उतरली. काहींना इथून पुढे दुसरीकडे नेलं, काही परत आली, बहुतेक राहिली. आज मॉरिशसची जवळपास दोन तृतीयांश लोकसंख्या भारतीय वंशाची आहे ती यामुळे.

जास्त माणसं कलकत्त्याहून आली, म्हणजे बिहार आणि पूर्वेकडची. त्याखालोखाल मद्रासहून. सगळ्यात कमी मुंबई बंदरातून. पण त्या कमीतही आपल्या कोकणातली बरीच होती. आजही मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे, शाळेत मराठी शिकता येते, आणि गणेश चतुर्थीला पूर्ण देशाला सुट्टी असते. तिथे गणपतीत 'झाकरी' नाचतात. आपल्या रत्नागिरीच्या लोकांना वेगळं सांगायला नको, ती आपली जाखडी.

पायऱ्या

आप्रवासी घाट फार मोठा नाही. मोठा वाटेल अशी अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. 1849 मध्ये इथे इमिग्रेशन डेपो बांधला, पण पुढच्या काळात त्यातला बराचसा भाग रस्त्याने गिळला. उरलंय ते म्हणजे काही दगडी खोल्या, स्वयंपाकघर, संडास, दवाखान्याचा भाग, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या. 2006 मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा म्हणून घोषित केलं. पूर्वी लोक याला कुली घाटच म्हणायचे.

दगड बघून बाबा पहिल्यांदा बोलले. "हा आपलाच दगड की." खरंच बेसाल्ट आहे तो. मॉरिशस ज्वालामुखीतून झालेलं बेट, आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच. कोकणातून आलेल्या माणसाने बोटीतून उतरून पहिलं पाऊल ठेवलं ते घरच्यासारख्याच दगडावर.

मुलांनी पायऱ्या मोजायची स्पर्धा लावली. भाच्याच्या झाल्या सोळा, भाचीच्या चौदा. भांडण. गंमत म्हणजे छापील माहितीतही दोन्ही आकडे सापडतात, त्यामुळे मी कुणाचीच बाजू घेतली नाही.

आजी मात्र पायरीवर बसली. पाय दुखतात म्हणून, असं म्हणाली.

करार

शेजारीच 2014 मध्ये सुरू झालेलं माहिती केंद्र आहे. बिक्रमसिंग रामलाला यांचं नाव त्याला दिलंय. आत जहाजाच्या पोटातला प्रवास कसा असेल याची कल्पना देणारा भाग आहे. भाची माझा हात सोडेना. भाचा मात्र कराराशी अडकला.

सुरुवातीचे करार पाच वर्षांचे. पगार महिन्याला पाच रुपये. वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा आणि कपडे. ऐकायला ठीक वाटतं. पण एक नियम होता, त्याला तिथे 'डबल कट' म्हणतात. एक दिवस कामावर गैरहजर, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी असलात तरी बऱ्याचदा तेच.

मी हे सांगितलं आणि भाच्याने तिथल्या तिथे हिशोब केला. "आत्या, म्हणजे महिन्यात पंधरा दिवस आजारी पडला तर झिरो. आणि सोळा दिवस पडला तर मायनस?"

बरोबर आहे, तो इतका सोपा हिशोब आहे. नऊ वर्षांच्या मुलाला कळतो.

मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्यावर इतिहासकारांनी पुस्तकं लिहिली आहेत. "मग ते स्लेव्हच होते ना?"

मी थांबले. कारण याला खरंच दोन उत्तरं आहेत. 1974 मध्ये ह्यू टिंकर यांचं या विषयावरचं गाजलेलं पुस्तक आलं. त्याच्या नावातच त्यांनी याला 'गुलामगिरीची नवी पद्धत' म्हटलं. फसवून भरती, मारहाण, पगार अडवणं, कायदा मालकाच्या बाजूला, हे सगळं त्यांनी कागदपत्रांतून दाखवलं. नंतर मरिना कार्टर यांच्यासारख्या इतिहासकारांनी तेच कागद पुन्हा वाचले आणि दुसरी बाजूही दाखवली : करार संपवून गावी परत आलेला माणूस सरदार म्हणजे मुकादम बनून स्वतःच्या गावातली, नात्यातली माणसं घेऊन परत जायचा. माणसं बचत करायची, बायका-मुलांना बोलावून घ्यायची, पुढे जमिनीचे तुकडे विकत घ्यायची. म्हणजे ते नुसते बळी नव्हते, डोकं चालवणारी माणसं होती.

मी भाच्याला म्हणाले, "गुलामाला विकता येतं, यांना विकता येत नव्हतं. यांची मुलं जन्मतः मालकाची नव्हती. पण काम सोडून जायचं म्हटलं तर तुरुंग. आता तू सांग, हे काय आहे?"

तो म्हणाला, "मधलं काहीतरी."

मला वाटतं, चांगलं उत्तर आहे.

इथे मी एक शहाणपणा करायला गेले. मी म्हणाले, माझ्या पहिल्या नोकरीतही दोन वर्षांचा बॉण्ड होता, ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतली होती, मी पण गिरमिटियाच. आई लगेच म्हणाली, "गप गं. तुला एसी होता, कँटीन होतं आणि रोज रात्री मला फोन करून रडायची सोय होती." तुलना तिथेच संपली. आणि आईचं बरोबर आहे. फोन हाच फरक आहे. इथे उतरलेल्या माणसाने मागे काय झालं हे कधीच ऐकलं नाही, आणि मागच्यांनी त्याचं.

नंबर

आता माझ्या धंद्याचा भाग. मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करते, त्यामुळे मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो रजिस्टरचा.

उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक नंबर मिळायचा. इमिग्रेशन नंबर. त्यापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, जहाज. आमच्या भाषेत याला प्रायमरी की म्हणतात : असा आकडा, जो दुसऱ्या कुणाचा असू शकत नाही. नाव चुकेल, नंबर चुकणार नाही.

आणि नाव तर चुकायचंच. सांगणारा मराठी, तमिळ किंवा भोजपुरी बोलणारा, लिहिणारा इंग्रजी-फ्रेंच कारकून. ऐकू येईल तसं लिहिलं. शिवाय आपल्याकडे तेव्हा सगळ्यांना आडनाव होतंच असं नाही. मग बापाचं किंवा आजोबांचं नुसतं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. म्हणून मॉरिशसच्या मराठी माणसांत 'जी'ने संपणारी आडनावं बरीच भेटतात. ते कुठल्या तरी बाबाजीचं, रामजीचं नाव आहे, जो कधीकाळी या पायऱ्या चढला.

हे रजिस्टर कुणाच्या आठवणीसाठी केलेलं नव्हतं, बरं का. ते पकडण्यासाठी होतं. 1867 च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगणं सक्तीचं केलं. पास नसेल तर भटक्या म्हणून अटक. हजारो माणसं अशी धरली गेली. शेवटी 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपियन माणसाने पुढाकार घेतला आणि 9,401 जुन्या मजुरांनी अर्जावर सह्या केल्या, अंगठे उठवले. त्यावर लंडनहून शाही चौकशी आयोग आला. 1875 च्या त्याच्या अहवालात मजुरांच्या बऱ्याच तक्रारी खऱ्या निघाल्या.

म्हणजे बघा. तो फोटो, तो नंबर जाचासाठी होता. आज तेच रजिस्टर, तेच फोटो मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेत, आणि मॉरिशसची माणसं तिथे जाऊन आपला पूर्वज शोधतात. 2024 मध्ये भारताने मॉरिशसच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय कार्ड द्यायचं ठरवलं, त्यामुळे हे कागद आता फक्त आठवणीचे राहिलेले नाहीत.

लाँझे

माहिती केंद्रात एक बाई आम्हाला भेटल्या. आमच्यासारख्याच बघायला आलेल्या, साधारण आईच्या वयाच्या. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून थांबल्या. त्या क्रेओल आणि फ्रेंच बोलणाऱ्या, थोडं इंग्रजी, आणि मराठी म्हणजे आरतीपुरती. त्यांनी खापरपणजोबांचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. फोन नंबर म्हणावा तसा. मग म्हणाल्या, गावाचं नावही कागदावर आहे, पण ते कुठे आहे हे घरात कुणाला लागत नाही. आणि त्यांनी ते फ्रेंच धाटणीने उच्चारलं : "लाँझे."

काका फोनवर नकाशा काढून बसले. मी स्पेलिंग विचारत होते. आजी बाकावर बसली होती, तिने तिथूनच विचारलं, "काय म्हणते ती?"

"लाँझे म्हणतायत, आजी."

"लांजं गो ते. लांजं. आपल्या राजापूरच्या वाटेवरचं."

एवढंच. रत्नागिरी जिल्ह्यातलं लांजा. मी बाईंना नकाशावर दाखवलं. त्या बराच वेळ फोन हातात धरून उभ्या होत्या. मग त्यांनी आजीच्या पायाला हात लावला. कुणी शिकवलं असेल, कोण जाणे.

काकांनी लगेच नातं जुळवायला घेतलं. "आई, म्हणजे हे आपलेच! आपला मोरसवाला!" मी नाही म्हणाले. लांज्याहून बरीच माणसं गेली असतील, आणि आमच्याकडे तर नावच नाही. नाव नसताना शोधणार काय? त्यांच्याकडे नंबर आहे, गाव नव्हतं. आमच्याकडे गाव आहे, पान आहे, नंबर नाही. दोन टेबलं आहेत, पण जोडायला एकही समान कॉलम नाही. काका नाराज झाले. म्हणाले, तू सगळ्याचा कोड करतेस. असेल. पण खोटं नातं जोडलं असतं तर खरा माणूस पुन्हा एकदा हरवला असता, असं मला वाटतं.

आजी काहीच बोलली नाही. परत येताना फक्त म्हणाली, "नाव तरी विचारून ठेवायला हवं होतं मी. आयला ठाऊक असणार."

आणि पलीकडची इमारत

घाटाच्या अगदी जवळ, जुन्या लष्करी इस्पितळाच्या इमारतीत, गुलामगिरीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. 2023 मध्ये ते पूर्ण खुलं झालं. मुलं दमली होती. काका म्हणाले, "ते आपलं नाही, जाऊ दे." वहिनी म्हणाली, "आलोय तर बघू." वहिनीमुळे गेलो.

बरं झालं गेलो. कारण तिथे गेल्याशिवाय घाट अर्धाच कळतो. आपल्या माणसांना ज्या खोपटांत ठेवलं, ती बऱ्याच मळ्यांवर आधी गुलामांची होती. आपल्या माणसांचा पगार कमी ठेवता आला, कारण मोकळे झालेले गुलाम योग्य मजुरी मागत होते आणि मालकांना ती द्यायची नव्हती. आपल्या लोकांच्या कष्टाचा अभिमान बाळगावाच, पण आपण कुणाच्या जागी आणले गेलो हेही माहीत असावं. आणि आपल्या पूर्वजांचं निदान रजिस्टर तरी आहे. आफ्रिकेतून आणलेल्या कित्येकांच्या बाबतीत खरं नाव आणि गाव लिहून ठेवायचीही गरज कुणाला वाटली नव्हती.

जाता जाता एक रत्नागिरीचं नाव सांगते. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. 1912 मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात ठराव मांडला की ही करारी मजुरीची पद्धत पूर्ण बंद करा. सरकारी बहुमताने ठराव पडला. गोखले 1915 मध्ये गेले. भरती थांबली ती 1917 मध्ये. ज्या जिल्ह्याने माणसं पाठवली, त्याच जिल्ह्यातल्या माणसाने ती पद्धत बंद करायला जोर लावला.

आणि साखर? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॉरिशसच्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक कोण होतं, माहितेय? भारत. म्हणजे माणूस मुंबई बंदरातून गेला, साखर मुंबई बंदरातून आली. गेलेल्याचा निरोप आला नाही, पण त्याच्यासारख्यांनी तोडलेल्या उसाची साखर त्याच्या गावच्या वाण्याकडे पोचली आणि त्याच्या भावजयीने ती चहात घातली असेल. तिला ठाऊकही नसेल.

शेवटी

घरी आल्यावर भाचीने आजीला विचारलं, "पणजी, नाव माहीत नाही तर पान कुणासाठी वाढतो?"

आजी म्हणाली, "त्याला माहितेय की त्याचं नाव."

यावर मला काही सुचलं नाही.

तर मंडळी, या भागाचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या घरात सगळ्यात म्हातारं जे कोण असेल, त्यांच्याजवळ आज रात्री बसा. घर सोडून गेलेल्या, परत न आलेल्या माणसाबद्दल विचारा. नाव, बापाचं नाव, गाव, अंदाजे साल. मॉरिशसच असेल असं नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेला असेल, लढाईवर गेलेला असेल, भांडून गेलेला असेल. चार कॉलम आहेत फक्त. वहीत लिहा, फोनमध्ये लिहा, कुठेही लिहा. स्पेलिंग चुकलं तरी चालेल. कुणीतरी कधीतरी मोठ्याने वाचेल आणि कुणीतरी ओळखेल.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, चहात मोरस बेताने घाला.